दोन कॉम्प्युटर आन गल्लीची आंघोळ

लोकाच्या विहिरीवरची मोटर जळाली की आमची चूल पेटायची, असला आमचा धंदा. निलंग्याला एका वाइंडिंगच्या दुकानात मी मोटरीत तांब्याची तार भरायचो. शाळा चौथीतच सुटली. मी शाळा सोडली असं घरचे सांगायचे, पण खरं बघितलं तर मास्तरांनीच हात जोडले व्हते. तार मातर मला जमायची, कारण तिथं डोकं लागत न्हाई, नुसतं गोल गोल फिरायचं असतं. मंग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, बोअर आटले. पाणीच न्हाई तर मोटर कोण चालवतंय, आन चालवलीच न्हाई तर ती जळंल कशी? मालकानं एक दिवस दुकानाला कुलूप घातलं आन म्हणला, "दिग्या, पाऊस पडला की ये." मी वर आभाळाकडं बघितलं. तिथं कुणालाच घाई दिसंना. तवा गठुडं बांधलं आन लातूरला अक्काकडं येऊन पडलो.

लातूर तवा नवंनवं जिल्हा झालं व्हतं. नवा जिल्हा म्हंजे काय, तर काल ज्या घरावर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी व्हती, त्याच घरावर आज सरकारी कचेरीची पाटी. आमचे दाजी असल्याच एका कचेरीत शिपाई व्हते. ती कचेरी एका जुन्या बाळंतपणाच्या दवाखान्यात भरायची. मोठ्या साहेबाच्या दारावर 'शांतता राखा, बाळ झोपले आहे' असं रंगवलेलं तसंच राहिलेलं. दाजी म्हणायचे, खोडायला कशाला पायजे, खरंच हाय ते.

अक्काचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. दुपारी पत्रा तापला की वरून टण्ण टण्ण वाजायचा, जसं काय कोणतरी वर बसून भांडी ठोकायलाय. पण सगळ्यात मोठा आवाज टँकरच्या भोंग्याचा. तो वाजला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची, अंगावरचं पोर खाली ठिवून पळायची. अक्काच्या घरात पाण्याला सहजासहजी मरण नव्हतं. डाळ धुतलेलं पाणी शेळीला, हात धुतलेलं पाणी अंगणातल्या धुरळ्याला. ताट धुवायचंच न्हाई, भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं पुसून तो तुकडा खायचा. आंघोळ बाजेवर बसून करायची, बाजेखाली घमेलं. घमेल्यात जमलेल्या पाण्यात मंग कपडे. जेवायला सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी ज्वारीची भाकरी आन शेंगाची चटणी. ऐतवारी अक्का मुरमुऱ्याची सुशीला करायची, ती बी बंद झाली, कारण मुरमुरे भिजवायला पाणी लागतं. मला आजबी कुणी ताटलीभर सुशीला पुढं केली की आधी वाटतं, एवढं पाणी कुठून आणलं यांनी?

एक दिवस दाजी म्हणले, "वाघमारे सरांना करंटमधला माणूस पायजे. जाऊन बघ. तोंड कमी उघड."

वाघमारे सरांचा टायपिंगचा क्लास व्हता. सरांचे वडील सडकेवर खडी फोडायचे. सर दिव्याखाली शिकून टायपिंगला लागले आन पुढं स्वतःचा क्लास काढला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टाइपरायटरची रांग, आन आतल्या खोलीत हैदराबादेहून ट्रकमधी गाद्यात गुंडाळून आणलेले दोन कॉम्प्युटर. त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटायची. मी पहिल्यांदा बघितलं तवा नकळत हात जोडले.

सरांनी विचारलं, "कॉम्प्युटर येतो का?"

मी म्हणलो, "न्हाई सर, मोटर येती."

"मोटर वेगळी असते."

"असंल सर. पण आतून तार तर तांब्याचीच हाय की."

सर इतकं हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. त्या हसण्यावर मला नोकरी लागली. शिक्षणावर लागायची असती तर अजून त्यांच्या दारातच उभा दिसलो असतो.

क्लासात पोरीच जास्त. नव्या जिल्ह्यात नव्या कचेऱ्या, आन त्यांना कॉम्प्युटरवर टाइप करणारी माणसं लागणार असं सगळीकडं बोललं जायचं. परीक्षेचं सेंटर सरांनी लई खेटे घालून लातूरला आणलं व्हतं, पण अट घालूनच. परीक्षेच्या दिवशी बाहेरून साहेब येणार, दिवसभर एका पाठोपाठ एक बॅच बसणार, आन मशीन मधी बंद पडली तर सेंटर गेलं सोलापूरला. पोरांचं काय, ते गेले असते. पोरींना सोलापूरला कोण पाठवतंय? म्हंजे मशीन बंद पडली तर पोरींची परीक्षाच बंद. ह्या सगळ्या पोरींचं नशीब सरांनी ज्याच्या हातात दिलं, तो मी. त्यातली मंगल नावाची एक पोरगी लई तिखट. पहिल्याच दिवशी मला म्हणली, "दिगूभाऊ, तुमी नुसतं झाडू मारा. मशीनला हात लावू नका. आमाला पास व्हायचंय."

तिचं काय चुकलं न्हाई. पहिल्या आठवड्यातच एक मशीन चालू हुईना. बटन दाबलं तरी काळी काच काळीच. मी तिला वरून थापट्या मारल्या, फुंकर घातली, अगरबत्ती बी लावली. शेवटी सरांनी नांदेडला ट्रंककॉल लावला. तिथून रफिकसाहेब आले. विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकलेले, उंच, बारीक, एसटीच्या धुरळ्यानं भुवया पांढऱ्या झालेल्या. त्यांनी मशीनला हातच लावला न्हाई. खाली वाकले, टेबलामागं बघितलं, आन पिन उचलून प्लगात खोचली. मशीन पी करून बोलली. पिन मीच काढली व्हती, माझा टेबलफॅन लावायला.

मला वाटलं आता आपली गठुडं बांधायची येळ. पण रफिकसाहेब म्हणले, "चाय पिलाव मियाँ. आन ऐक. आधी डोळ्यानं बघायचं, मंग नाकानं हुंगायचं, मंग हातानं चाचपायचं, आन सगळ्यात शेवटी खोलायचं. येका येळेला येकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी येकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते खुदालाबी कळायचं न्हाई." मंग मशीन खोलून दाखवली. आतले काळे किडे, म्हंजे चिपा, गरमीनं हळूहळू आपल्या खोबणीतून वर सरकत्यात, त्या अंगठ्यानं दाबून बसवायच्या. कार्डाचे पिवळे दात काळे पडले की पोरींच्या खोडरबरानं घासायचे. निम्मे रोग एवढ्यावर बरे हुतेत. एवढ्या लांबून प्लग खोचायला आलेला माणूस एक शब्द लागंल असं बोलला न्हाई. आज चाळीस वर्षांच्या धंद्यात मी जे काय करतो, ते त्या एका चहाच्या येळेत शिकलेलं हाय.

शिकलो म्हणलं तरी शहाणपण लगीच येत न्हाई. मार्चात खोली भट्टीसारखी तापायला लागली आन मशीन आडून बसायला लागली. हिरवी अक्षरं जागच्या जागी थिजायची. मी हात लावून बघितलं, गरम. अक्का रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळायची, पाणी गार राहायचं. मी तेच केलं. सर जेवायला गेलते. येऊन बघतेत तर टीव्हीसारख्या त्या मोठ्या खोक्याला मी ओल्या पटक्यानं मुंडासं बांधलेलं, आन वरून तांब्यातलं थेंब थेंब शिंपडायलोय. सर मोठ्यानं ओरडले न्हाईत. भिंतीला धरून खाली बसले आन हळूच म्हणले, "दिगंबर, बटन बंद कर. आधी बटन." मशीन वाचली. मी सुद्धा वाचलो. पण मंगलनं तवापासून मला 'नवरदेवाचे मामा' म्हणायला सुरुवात केली, मशीनला मुंडासं बांधलं म्हणून.

मंग मशीन चावायला लागली. लोखंडाला हात लागला की मुंग्या. मंगलला एक दिवस असा झटका बसला की ती खुर्चीसकट मागं सरकली. अक्षरं थिजायची, कधी आपोआप नवी उमटायची. मी उपाय काढला. अक्काच्या घरून, शेजारून, मिळतील तेवढे लाकडी पाट गोळा केले आन पोरींच्या पायाखाली मांडले. सगळा क्लास पाटावर पाय ठिवून बसला. आत आलेल्या माणसाला वाटायचं आता पत्रावळ्या येणार. चावणं थांबलं, पण मशीनचं थिजणं थांबंना. परीक्षा तर जवळ आलती. रफिकसाहेबांना पुन्हा बोलवलं.

ते आले, पाटांची पंगत बघितली, आन पोट धरून हसले. मंग एक बल्ब घेतला, एक तार करंटला, दुसरी अर्थिंगला. बल्ब रॉकेलच्या चिमणीसारखा मिणमिणला. "बघ," ते म्हणले, "अर्थिंग चांगली असती तर हा भगभग पेटला असता. मशीनमधला फालतू करंट जमिनीत जायला पायजे. हे तुमचं अर्थिंग कुठं हाय?" मागच्या परसात एक पाइप जमिनीत गाडलेला, भवतीनं मीठ आन कोळसा. माती इतकी वाळलेली की हात घातला तर पिठावानी. "जमिनीच्याच घशाला कोरड पडलीय," रफिकसाहेब म्हणले. "तिला पाणी पाज. रोज. परीक्षेच्या दिवशी दिवसभर."

पाणी पाज म्हणणं सोपं. मी दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत क्लासची घागर लावली. पुढं इंदरमावशी व्हती. इंदरमावशी म्हंजे आमच्या गल्लीचा भोंगा नंबर दोन. टँकरचा वाजला न्हाई तरी हिचा वाजायचा.

"कुणाची रं ही घागर?"

"क्लासची, मावशी."

"कोण पेणार?"

"पेणार कोण न्हाई. जमिनीत वतायचंय. मशीनसाठी."

ती एकदम गप झाली, आन ती गप झाली म्हणून सगळी रांग गप झाली. मंग फुटली. "आगं बायांनो, ऐकलं का? आमची लेकरं घोटाघोटाला रडायलीत आन ह्यो भाड्या मातीला पाणी पाजायलाय! आगं ए शांते, तुझ्या भावाला कुठं दाखवलं का न्हाई?" शांता म्हंजे आमची अक्का. ती मान खाली घालून पुढं आली, माझी घागर रांगेतून उचलली आन माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "मशीनला पाणी! माझ्या तोंडचं देऊ का काढून? ने की, त्या घमेल्यातलं ने आंघोळीचं, दाजींच्या अंगाचा मळ हाय त्यात, तुझ्या मशीनला आवडंल!" अक्का रागानं बोलली. पण मी पडलो अडाणी, मला राग कळत न्हाई, सरळ बोलणं कळतं. मी घमेलं उचललं आन निघालो. वाटंत निम्मं सांडलं, निम्मं माझ्याच अंगावर. पण उरलेलं त्या पाइपाभवती वतलं, बल्ब लावून बघितला, तर जरा लाल व्हता तो पिवळा झाला!

तवा डोक्यात आलं, घमेलं कशाला वाहायचं? आंघोळच तिथं जाऊन करू. दुसऱ्या दिवशी पहाटं पाइपापाशीच दगड टाकला, पट्ट्यापट्ट्याची चड्डी घातली, तांब्याभर पाणी डोक्यावर घेतलं. पायातून अशा गोड मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, दाजींनी आणलेल्या नव्या साबणाचा गुण. नेमकी तवाच मंगलची सकाळची बॅच खिडकीत. मंगल म्हणली, "सर, मामा आज स्वतःच अर्थिंग झालेत."

रफिकसाहेबांना हे कळलं तसं फोनवरूनच अशी शिवी घातली की ट्रंककॉलवाल्या बाईनं मधीच "अहो!" म्हणलं. येवढ्या दिवसांत ती एकच शिवी. "मरशील की येड्या! पाइपापासून लांब दगड टाक, मधी नाली खण, पाणी नालीनं जाऊ दे. चालू मशीनच्या पाइपाला कुणी शिवायचं न्हाई. आन पोरा," मंग ते थांबले आन हसले, "डोकं मातर झकास हाय तुझं." माझ्या डोक्याबद्दल असं बोलणारा तो पहिला माणूस. आजवर दुसरा भेटला न्हाई.

दगड लांब नेला, नाली खणली, आडोशाला पोती बांधली. आन मी गल्लीत सांगत फिरलो, "तुमची आंघोळ तुमचीच, पाणी तुमचंच. नुसतं येऊन हितं करा. गटारात जायचं ते नालीत जाईल." पहिल्यांदा दाजी आले. मंग त्यांच्या कचेरीतले दोघंजण. मंग मेसवर जेवणारे शिक्षक. सकाळी सरांच्या परसात रांग लागायची, खांद्यावर टॉवेल, हातात तांब्या. कोण अभंग म्हणायचा, कोण सरकारला शिव्या द्यायचा, आन बल्ब दिवसेंदिवस उजळायलेला. सर खिडकी लावून घ्यायचे, त्यांना लाज वाटायची. पण लावायच्या आधी दाराशी सगळ्यांसाठी चहाचं भगुनं ठिवायचे.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरून साहेब आले, कडक इस्त्रीचे. सकाळी गल्लीनं एकजात आंघोळ करून घेतली, मी तर दोनदा केली. पहिल्या बॅच सुरळीत पार पडल्या. मी दर थोड्या वेळानं परसात जाऊन बल्ब लावून बघायचो. दुपार चढली. ऊन असं की नालीतली माती बघता बघता पांढरी पडायली. शेवटची बॅच बसली, त्यात मंगल. मी बल्ब लावला. मिणमिण. आत जाऊन बघतो तर एका मशीनवरची अक्षरं थरथरायलीत. सर माझ्याकडं बघायलेत.

मी गल्लीत पळालो. बाप्ये सगळे कामाला गेलेले. ओट्यावर बाया बसलेल्या, त्यात इंदरमावशी आन अक्का. मी म्हणलो, "मावशी, आंघोळ कुणाची राहिलीय का?"

"आरं बेशरमा!" तिनं हातातला खराटा उचलला.

"मावशी, मशीन बंद पडायलीय. बंद पडली तर सेंटर सोलापूरला जाईल. पोरी बसल्यात आत."

तिचा खराटा वरच थांबला. "पोरींना कोण सोलापूरला पाठवतंय?" ती म्हणली, मला न्हाई, सोताशीच. मंग अक्काकडं बघून हळू आवाजात बोलली, "माझ्या सुमीला सातवीच्या पुढं शिकायला लातूरला यायचं व्हतं. तवा आमी गावात राहायचो. न्हाई पाठवलं आमी." आन उठली. घरात गेली. बाहेर आली तवा कडेवर घागर, डोक्यावर धुण्याचं गठुडं. "उद्याचं धुणं आज धुते. उद्या धुतलं काय आन आज धुतलं काय, पाणी तेवढंच लागतंय. चला गं, बसून काय राहिल्या?"

बाया निघाल्या. अक्का बी निघाली, खरकटी भांडी घेऊन. जी भांडी आमी भाकरीनं पुसायचो, ती त्या दिवशी धुतली गेली. दगडावर इंदरमावशीनं नवऱ्याचं धोतर असं आपटायला घेतलं की भिंत हादरायली. धप, धप, धप. नालीतून साबणाचं पाणी झुळझुळत पाइपाकडं निघालं. मी बल्ब लावला. लाल. मंग पिवळा. मंग असा भगभगला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं; तेबी मी नालीतच सांडलं, वाया कशाला घालवा.

आत साहेबांनी विचारलं, "हा धपधप आवाज कसला?"

वाघमारे सर जन्मात कधी खोटं बोलले न्हाईत. ते उभे राहिले, शर्ट सारखा केला आन म्हणले, "सर, ते अर्थिंग आहे."

साहेबांनी खिडकी उघडली. बाहेर बायांची रांग, दोरखंडाला धोतरं आन चड्ड्या. त्यांनी बराच वेळ बघितलं. मंग मशीनच्या लोखंडावर आपला हात ठिवला, ठिवून बघितला, काढला. "चालू द्या," एवढंच म्हणले. मंगलनं शेवटची ओळ टाइप केली, आन कोपऱ्यातला प्रिंटर करकरत कागद बाहेर काढायला लागला. पोरी पास झाल्या. सेंटर लातूरलाच राहिलं. मंगल पुढं जिल्ह्याच्याच एका कचेरीत लागली. आजबी रस्त्यात दिसली की मला 'मामा' म्हणती. आता तिच्या नातवंडांपुढं म्हणती, म्हणून मामाला थोडं मानाचं वाटतं.

औंदा माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं छप्पर नवं केलंय. वाघमारे सर गेले, रफिकसाहेब गेले, इंदरमावशी तर कधीच गेली. दुकानात पोरं लॅपटॉप घेऊन येतेत. आता त्याला अर्थिंगचं एवढं काय न्हाई, तरी मी सवयीनं आधी बघतो, मंग हुंगतो, मंग चाचपतो, आन कधी कधी तोंडातून निघून जातं, "घरात आंघोळी झाल्या का सगळ्यांच्या?" पोरं एकमेकांकडं बघतेत आन लॅपटॉप उचलून दुसऱ्या दुकानात जातेत. जाऊ द्या. दुकानामागं माझा बी एक दगड हाय, मधी नाली, पलीकडं अर्थिंगचा पाइप. उन्हाळा लागला की मी तिथंच आंघोळ करतो. शेवटचा एक तांब्या अंगावर घेत न्हाई. तो इंदरमावशीचा. तो सरळ नालीत सोडतो आन पाइपापर्यंत पोचला का न्हाई, तेवढं उभा राहून बघतो.